काळोखाचा सातबारा

रात्रीचं चित्र काढणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो. दिवसाचं चित्र काढणं मी समजू शकतो. ऊन पडलेलं असतं, झाड झाडाच्या जागी असतं, गाय गाईच्या जागी असते आणि आपण काढलेली गाय म्हशीसारखी दिसायला लागली, तर शेजारी उभी असलेली खरी गाय बघून ती दुरुस्त करता येते. रात्री ही सोय नाही. रात्री गाय, म्हैस आणि गोठ्याचं दार यांत काडीचा फरक राहत नाही. अशा वेळी रंग, कुंचला आणि कापड घेऊन बसायचं आणि 'काही दिसत नाही' हे बघणाऱ्याला स्वच्छ दिसेल असं काढायचं, हे काम सोम्यागोम्याचं नव्हे.

आम्हां कणकवलीकरांना हे इतरांपेक्षा जास्त कळतं, कारण काळोखाचं शिक्षण आम्हांला फुकट मिळालेलं आहे. पावसाळ्यात एक वीज आकाशात चमकली, की दुसरी वीज तारांतून जाते. मग काळोखाचे प्रकार ओळखायला वेळच वेळ असतो. माडाखालचा काळोख विरविरीत असतो, फणसाखालचा दाट असतो आणि विहिरीतला तर कापून तुकडे करावेत असा असतो. गड नदीच्या बाजूने येणारा काळोख ओला असतो. दशावतारी नाटकांत पूर्वी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या टांगत, तेव्हा राजाच्या मुकुटावर जेवढा उजेड असे, त्याच्या दुप्पट काळोख त्याच्या पाठीमागे असे. राक्षस त्या काळोखातून एकदम पुढे आला, की पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत शिरत. त्यांना भीती राक्षसाची नसे. राक्षस कोण, हे त्यांना ठाऊक असे. तो दिवसा त्यांच्याच वाडीत नांगर धरी. भीती असे ती काळोखाची.

तेव्हा एखादं एकोणिसाव्या शतकातलं रात्रीचं चित्र हरवलं आणि पुढे प्रदर्शनांच्या जुन्यापान्या याद्या चाळून कोणी तरी त्याची ओळख पटवली, अशी हकिकत वाचायला मिळाली, की माझा चहा निवतो. काळोखात हरवलेली वस्तू काळोखातच शोधायची असते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण इथे हरवला आहे तो काळोखच. तो शोधायचा कसा?

आधी चित्रं हरवतात कशी ते सांगतो. काही जळतात. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी साहेबानं वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून केल्या, त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतल्या बहुतेक भस्म झाल्या. काही चित्रं चोरीला जातात. काही लढाईत जातात. पण सगळ्यांत जास्त चित्रं हरवतात ती जागच्या जागी. भिंतीवर असतात, फ्रेममध्ये असतात, वर्षातून एकदा दिवाळीला फडकंही फिरतं. फक्त ते कोणी काढलं, कधी काढलं आणि त्याला काय म्हणायचं, हे सांगणारा माणूस वारलेला असतो. असं चित्र हे चुकलेल्या म्हाताऱ्यासारखं असतं. म्हातारा धडधाकट आहे, समोर बसून चहा पितो आहे, पण नाव विचारलं की हसतो.

अशा वेळी आठवण येते ती यादीची. एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रदर्शनांचं अमाप पीक आलं आणि प्रत्येक प्रदर्शनाची एक छापील यादी निघे. मुंबईत १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि आपल्याकडेही ही रीत रुळली. या याद्यांइतकं रूक्ष वाङ्मय दुसरं नाही. अनुक्रमांक, चित्रकार, चित्राचं नाव, विकाऊ असल्यास किंमत, कोणाकडून उसनं आणलं असल्यास त्याचं नाव, संपलं. चित्र कसं होतं याबद्दल अक्षर नाही. आमच्याकडे असंच रूक्ष पण असंच बलवान वाङ्मय एकच आहे, ते म्हणजे सातबारा. पाच गुंठे जमीन आणि पंचवीस नावं. त्यात जमिनीचं वर्णन नसतं, आंबे गोड की आंबट ते नसतं, पण तो कागद नसेल तर त्या आंब्याखाली उभं राहायचीही तुम्हांला छाती होणार नाही.

चित्राचा शोध घेणारा माणूस तलाठ्यासारखंच काम करतो. एका यादीत 'रात्रीचा देखावा, नंबर अमुक' अशी नोंद सापडते. ती घेऊन तो दुसऱ्या प्रदर्शनाच्या यादीकडे जातो, तिथून लिलावाच्या यादीकडे, तिथून कोणाच्या तरी मृत्युपत्राकडे. हा झाला फेरफार. मग तो त्या काळच्या वर्तमानपत्रांतली टीका वाचतो. टीकाकारांचा खरा उपयोग इथे होतो. स्तुती करणारा 'अप्रतिम चित्र' म्हणून मोकळा होतो. त्यावरून काही ओळख पटत नाही. शिव्या देणारा मात्र 'डावीकडच्या कोपऱ्यातलं ते घर आहे की भाकरीचं पीठ?' असं लिहून ठेवतो आणि शंभर वर्षांनी तेवढ्या एका वाक्यावरून चित्राची चतुःसीमा ठरते. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस भाकरीचं पीठ. शेवटी चित्र सापडलंच, तर हा मनुष्य त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ते उलटं करतो आणि पाठ बघतो. जुन्या प्रदर्शनाच्या नंबराची चिठ्ठी तिथे चिकटवलेली असते. चित्राचं तोंड काय, कसंही असू शकतं. खरं बोलते ती पाठ.

हे वाटतं तितकं सोपं नाही, याचं पहिलं कारण म्हणजे नावं. रात्रीच्या चित्राला नाव देऊन देऊन काय देणार? 'चांदणी रात्र', 'चंद्रोदय', 'रात्रीचा परिणाम'. कणकवलीच्या एसटी स्टँडवर उभं राहून "ओ सावंतऽ" अशी हाक मारली तर निम्मी रांग मागे वळते, तशी यादीत 'चांदणी रात्र' म्हटली की पाचपन्नास चित्रं माना वळवतात. त्यात चित्रकार मंडळी चित्रांची नावं बदलतात. व्हिसलर नावाचा अमेरिकन चित्रकार लंडनला राहून थेम्स नदीची रात्रीची चित्रं काढायचा. त्यानं १८७१ साली डडली गॅलरीत एक चित्र मांडलं, तेव्हा यादीत त्याचं नाव होतं 'निळ्या-हिरव्यातली सुसंगती – चांदणं'. पुढे त्याच्या एका धनिक आश्रयदात्यानं, ज्याला पियानोचा षोक होता, सुचवलं, की अशा चित्रांना संगीतातलं 'नॉक्टर्न' हे नाव द्यावं. म्हणजे आपल्याकडे रात्रीचा राग म्हणावा तसं. व्हिसलरला ते इतकं आवडलं, की त्यानं जुन्या चित्रांचीही नावं बदलली. आज तेच चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात 'नॉक्टर्न : निळा आणि रुपेरी – चेल्सी' या नावानं नांदतं आहे.

'नांदतं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण ही अडचण आमच्या घरांतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. माहेरी सुंदरा असते, ती सासरी लक्ष्मी होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदारयादीत दुसरं, हाक मारायला तिसरं. एखाद्या कुळकथेत 'सुंदरा' ही नोंद पस्तीस सालापर्यंत आहे आणि नंतर एकदम नाहीशी होते, म्हणून ती वारली असं समजू नये. ती शेजारच्या गावात लक्ष्मी होऊन चार पोरांना जेवायला वाढत असते. फक्त दोन याद्या शेजारी ठेवून बघणारा कोणी तरी पाहिजे.

व्हिसलरच्या दुसऱ्या एका नॉक्टर्नची, आतषबाजीच्या चित्राची, रस्किन या बड्या टीकाकारानं १८७७ साली इतकी छी-थू केली, की व्हिसलरनं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली तो कोर्टात उभा राहिला. ज्यूरीपुढे चित्रं आणली, तेव्हा एक नॉक्टर्न उलटं धरलं गेलं आणि काही वेळ कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, असं सांगतात. निकाल व्हिसलरच्या बाजूनं लागला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चापायी पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. भाऊबंदकीचे दावे लढणाऱ्या आमच्या भागातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. कवाडीच्या खांबासाठी घर विकलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

नावांचा दुसरा घोळ बघा. क्लोद मोने यानं आव्र बंदराचं एक सकाळचं चित्र काढलं. १८७४ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचा नंबर होता अठ्ठ्याण्णव. यादी तयार करण्याचं काम रन्वार चित्रकाराच्या भावाकडे होतं. तो बिचारा एकसारखी नावं लिहून कंटाळला होता. 'याला काय लिहू?' असं त्यानं विचारलं, तेव्हा मोने म्हणाला, 'लिही, इंप्रेशन.' त्या एका शब्दावरून एका टीकाकारानं सगळ्यांची टर उडवली आणि एका अख्ख्या पंथाला नाव मिळालं. म्हणजे यादी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कंटाळ्यातून इतिहास घडतो! पण गंमत पुढे आहे. चार वर्षांनी, १८७८ साली, मालकाचं दिवाळं निघून ते चित्र लिलावात आलं, तेव्हा यादीत छापलं गेलं 'इंप्रेशन, सूर्यास्त'. चार वर्षांत सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. आठशे फ्रँकला घेतलेलं चित्र दोनशेदहाला गेलं. सूर्य मावळतीला लागल्यावर भाव उतरायचाच. तो सूर्योदयच होता, हे सिद्ध करायला शेवटी डोनाल्ड ओल्सन नावाचे अमेरिकेतले एक खगोलशास्त्रज्ञ आले. त्यांनी जुने नकाशे, भरती-ओहोटीची कोष्टकं आणि हवामानाच्या नोंदी लावून २०१४ साली सांगितलं, की चित्रातली वेळ बहुतेक १३ नोव्हेंबर १८७२, सकाळचे सात पस्तीस. भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय होडी न लोटणारे मालवणचे लोक या संशोधकाला जेवायला बोलावतील.

आणि आता माझी सगळ्यांत आवडती हकिकत. जून १८९०. पॅरिसजवळच्या ओव्हेर गावात व्हॅन गॉग राहत होता. १७ जूनच्या पत्रात त्यानं भावाला कळवलं, की एक रात्रीचं चित्र करतो आहे. हिरवाईत पांढरं घर, आकाशात एक तारा, खिडकीत नारिंगी उजेड. त्यानंतर सहा आठवड्यांनी तो गेला. चित्र राहिलं. हातोहात फिरत ते ओटो क्रेब्स या जर्मन कारखानदाराकडे गेलं. १९२८ साली व्हॅन गॉगच्या सगळ्या चित्रांची मोठी यादी छापली गेली, तीत त्याला नंबर मिळाला सातशे सहासष्ट. क्रेब्स १९४१ साली वारले. महायुद्ध संपलं, रशियन फौजा आल्या आणि ते घर रिकामं झालं. पुढे पन्नास वर्षं सातशे सहासष्ट नंबर यादीत होता, पण घर भिंतीवर नव्हतं. सातबारा आहे आणि जमीन नाही, असा प्रकार. जगाच्या लेखी ते चित्र नष्ट झालेलं होतं.

मार्च १९९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयानं आपल्या कोठारातली चौऱ्याहत्तर चित्रं एकदम प्रदर्शनात मांडली. त्यांत पांढरं घर होतं. पन्नास वर्षं काळोखात ठेवलेलं रात्रीचं चित्र! आणि ते ओळखायला अडचण पडली नाही, कारण पत्रातली चतुःसीमा आणि यादीतला नंबर दोन्ही वाट बघत बसलेले होते. हिरवाई, पांढरं घर, तारा, नारिंगी खिडकी. गावची म्हातारी मुंबईहून पन्नास वर्षांनी परतलेल्या पुतण्याला भुवईवरच्या खुणेवरून ओळखते, तसं ते ओळखलं गेलं.

मग हेच ओल्सन आपल्या सहकाऱ्याला आणि विद्यार्थ्यांना घेऊन ओव्हेरला गेले. घर शोधलं, ते कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते मोजलं आणि २००१ साली जाहीर केलं, की चित्रातला तो तारा म्हणजे शुक्र आणि वेळ १६ जून १८९०, संध्याकाळी आठच्या सुमाराची. आता तिकडे त्या काळच्या घड्याळाप्रमाणे जूनमध्ये आठ वाजता सूर्य नुकता मावळत असे. म्हणजे व्हॅन गॉगनं जिला रात्र म्हटलं, तिला आमच्याकडे तिन्हीसांज म्हणतात. त्या वेळी आमच्या घरांत दिवा लागतो, तुळशीपुढे हात जोडले जातात आणि पोरांना परवचा म्हणायला बसवतात, निदान बसवत असत. तो नारिंगी उजेड खिडकीत नेमका त्याच वेळी दिसतो, हे मी कणकवलीत बसून शपथेवर सांगायला तयार आहे. त्यासाठी खगोलशास्त्र लागत नाही.

हे सगळं मी एकदा आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांना रंगवून सांगत होतो. पाहुणे मुंबईचे, हिशेबी. ते म्हणाले, "पण चित्र चांगलं असेल तर ते चांगलंच राहणार ना? कोणी काढलं नि कधी काढलं, यानं काय फरक पडतो?" प्रश्न बिनतोड होता. आमच्या सौ.नी तेवढ्यात सोलकढी आणली म्हणून मला विचार करायला वेळ मिळाला. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पुढे पॅरिसला नाही, सेंट पीटर्सबर्गला नाही, तर बाजारपेठेतल्या एका सलूनमध्ये सापडलं.

त्या सलूनमध्ये आरशाच्या डाव्या अंगाला एक कॅलेंडर होतं. त्यावरचं चित्र तुम्हीही पाहिलेलं आहे. एक बाई उभी आहे, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला केलेला, आणि त्या उजेडानं तिची बोटं आतून तांबूस झालेली. बाकी सगळा काळोख. अख्ख्या हिंदुस्थानात हे चित्र घरांत, दुकानांत, लग्नपत्रिकांवर लागलेलं आहे. कॅलेंडरवर चित्राखाली छापलं होतं 'राजा रविवर्मा'. मी काही बोलायच्या आत सलूनवाल्यानंच अभिमानानं सांगितलं, "काका, ह्या चित्र रविवर्म्याचा. शंभर-सव्वाशे वर्षां झाली."

आता रविवर्म्यांविषयी वाईट बोलण्याची माझी प्राज्ञा नाही. त्यांनीही रात्र रंगवली, १८९० साली चांदण्यातली राधा रंगवली. मुंबईत छापखाना काढून देवादिकांना घरोघर पोचवलं ते त्यांनीच. त्यामुळे झालं असं, की कॅलेंडरवर बरी बाई दिसली, की लोक ती रविवर्म्यांच्या खाती जमा करतात. सावकाराच्या खात्यात सगळ्यांचीच जमीन जाते, तसं. पण हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात आहे, आणि त्याच संग्रहालयात रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. घोटाळ्याला तेवढं निमित्त पुरलं. रविवर्मे तैलरंगाचे बादशहा. हे चित्र जलरंगात आहे. काळोख जलरंगात काढायचा म्हणजे काय, हे ज्यानं शाळेत एकदा तरी काळा रंग पाण्यात कालवून कागदावर ओतला आहे, त्याला विचारा. तैलरंगात काळोखावर उजेड चढवता येतो. जलरंगात उजेडाची जागा आधीच राखून ठेवावी लागते; ती एकदा काळी झाली की गेली. दिव्याभोवती आडोसा त्या बाईनं धरलेला दिसतो, पण तिच्याआधी तो चित्रकारानं धरलेला असतो.

आणि सगळ्यांत मोठा पुरावा हिशेबाचा आहे. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्रातली दिवेवाली म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी. ती वडिलांसमोर दिवा धरून तासन्‌तास उभी राहिली. शंभरी ओलांडून ती २०१८ साली कोल्हापुरात वारली. म्हणजे रविवर्मा गेले, तेव्हा या बाईंचा जन्मही झालेला नव्हता. तिचं आयुष्यभर काय झालं असेल बघा. ज्या ज्या घरात जावं, तिथे भिंतीवर आपणच उभं असावं आणि खाली आपल्या वडिलांच्या ऐवजी दुसऱ्याच कोणाचं नाव असावं! चित्र हरवलेलं नाही. चित्र लाखो भिंतींवर आहे. हरवला आहे तो बाप.

पाहुण्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. फरक चित्राला पडत नाही. चित्र आपलं दिवा धरून उभं आहे. फरक पडतो तो ज्यानं रात्री जागून उजेडाची जागा राखून ठेवली त्याला आणि जी हात भरून आला तरी हलली नाही तिला.

सलूनवाल्याला एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. त्याच्या हातात वस्तरा होता. मी एवढंच म्हटलं, "रविवर्म्याचा नाय. हळदणकरांचा."

"हळदणकर? खंयचे?"

"वाडीचे."

वस्तरा थांबला. "वाडीचे म्हणजे? सावंतवाडीचे?"

"व्हय. थंयच जन्मलेले, अठराशे ब्याऐंशी सालात."

"मगे आपलेच!" तो म्हणाला. "ह्या आधी कोणी कित्याक सांगूक नाय?"

माणसाची ओळख पटवण्याची आमच्या जिल्ह्याची पद्धत ही अशी आहे. नाव नंतर, आधी 'खंयचे?' मग 'कोणाचे?' मग 'तुमची आत्या आमच्या गावात दिली ती काय?' तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या खापरपणजोबांचा पत्ता लागतो आणि चौथ्याला तुम्ही नातेवाईक निघता. पॅरिसचे लोक याच गोष्टीसाठी संशोधक नेमतात. फक्त आमची यादी तोंडी आहे, आणि तोंडी यादीचा तोटा हा, की ती माणसाबरोबर सरणावर जाते. कागदाचं म्हणाल, तर कोकणात कागदाला तीन शत्रू : पावसाळा, वाळवी आणि भजीवाला. पावसाळ्यात बुरशी, नंतर वाळवी, आणि त्यातून वाचलं तर रद्दीच्या तराजूतून ते थेट भज्यांखाली जातं. शाळेच्या चित्रप्रदर्शनाची यादी तेलानं पारदर्शक झालेली मी पाहिली आहे. एका बाजूला चौथीतल्या कोणाचं तरी 'रात्रीचा देखावा, उत्तेजनार्थ' आणि दुसऱ्या बाजूला मिरची. ती यादी मी खिशात घालून आणली. व्हॅन गॉगची यादी कोणी तरी जपली म्हणून ते चित्र पन्नास वर्षांनी घरी आलं. चौथीतल्या त्या पोराचं काय सांगावं!

तेव्हापासून मी पाहुण्यांच्या घरी गेलो, की आल्बम मागतो आणि फोटोच्या पाठीवर नावं लिहायला लावतो. लोक कंटाळतात. पण दर घरात एक तरी फोटो असा निघतोच, ज्यात सगळ्यांची नावं ठाऊक असतात आणि कडेला उभ्या असलेल्या एका बाईचं कोणालाच ठाऊक नसतं. मग आतल्या खोलीतून घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला आणतात. ती चष्मा वर करते, फोटो खिडकीशी धरते आणि म्हणते, "ही आमची सुंदरा." ती घरातली शेवटची यादी असते. पेन्सिल तेव्हाच हाताशी असावी.

सलूनवाल्यानं मात्र पेन्सिलीवर भागवलं नाही. त्यानं माझी दाढी अर्धी ठेवून गल्ल्यातून काळं पेन काढलं, कॅलेंडरावरचं छापील नाव खोडलं आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'हळदणकर. (वाडी.)' कंसातला भाग त्याला जास्त महत्त्वाचा वाटला असावा, कारण त्याखाली त्यानं दोन रेघा ओढल्या. वर्ष संपल्यावर त्यानं तारखांचे कागद कापून टाकले आणि चित्र ठेवलं. आता नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की तो आधी मान खाली दाबतो आणि मग त्या दिव्याची कथा सांगायला लागतो. हल्ली त्याच्या कथेत म्हैसूरचा महाराजा स्वतः घोड्यावरून वाडीला येतो, दिव्याला हात लावून बघतो आणि बोट भाजून घेतो. यातलं काही घडलेलं नाही. पण चित्रकाराचं नाव तो चुकत नाही, आणि गावाचं तर मुळीच नाही.